नट सुटला, बोल्ट नाही

मागच्या डाव्या लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, आतला नट पाना लावताच सुटला आणि हेल्पर खूश झाला. मी झालो नाही. किनारपट्टीवरच्या गाडीत नट सुटला म्हणजे फक्त आटे शाबूत आहेत एवढंच कळतं. बोल्ट अडकतो तो आट्यांत नव्हे, बुशच्या, म्हणजे आर्मच्या टोकातल्या रबरी सांध्याच्या, पोटात.

गाडी जर्मन, दोन सीटची, छप्पर उघडणारी, इंजिन सीटांच्या मागे. मुक्काम गोव्यात मोरजीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तक्रारी तीन: ब्रेक मारला की मागची बाजू आपल्या मनाने डावीकडे सरकते, गतिरोधकावर खालून 'टक्' येतं, आणि मागचे टायर आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत झिजलेत. मालकांनी अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन मोजल्याचा, कागदही आणला होता. पुढची घरं हिरवी, मागची लाल, आणि खाली पेनने लिहिलेलं 'ओके'. लाल आकड्यांखाली ओके लिहिणाऱ्याचा हात कसा धजतो हे मला अजून कळलेलं नाही. मागच्या एका बोल्टचं षटकोनी डोकं गोल झालेलं होतं. म्हणजे कुणीतरी पाइप लावून जोर केला, जमलं नाही, आणि कागद छापून पैसे घेतले.

या गाडीला मागेही मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकाच खांबात. प्रत्येक चाकाला खाली एक आडवा लोअर आर्म, एक तिरका आर्म आणि एक टो लिंक. लोअर आर्म आणि टो लिंक यांच्या आतल्या टोकाचे बोल्ट एक्सेंट्रिक असतात. डोक्याच्या चकतीचा मध्य थोडा बाजूला काढलेला, नटाखाली तशीच दुसरी चकती. बोल्ट फिरवला की चकती ब्रॅकेटच्या दोन कडांमध्ये फिरते आणि आर्म काही मिलिमीटर आत-बाहेर सरकतो. लोअर आर्मवर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, लिंकवर टो, म्हणजे चाकाचं तोंड आत की बाहेर. बोल्टच फिरला नाही तर जगातली सगळ्यात महाग अलाइनमेंट मशीनही फक्त चूक मोजून दाखवते.

रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. ही गोष्ट बाहेरच्यांना सोडा, कितीतरी मेकॅनिकनाही ठाऊक नसते. बाहेरचं कवच आर्ममध्ये दाबून बसवलेलं, आतली पोलादी स्लीव्ह बोल्टने ब्रॅकेटच्या दोन कानांत घट्ट आवळलेली, आणि मधलं रबर दोन्हींना चिकटवलेलं. चाक वरखाली होताना फक्त रबर पिळतं. बोल्ट आणि स्लीव्ह यांच्यात केसाएवढी फट असते. पावसाचं पाणी त्या फटीत शिरतं, बाहेर पडत नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात खारा वारा. आत गंज धरला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो, आणि जागा तर नाहीच. बोल्ट आणि स्लीव्ह यांचा एकच दांडा होतो.

तो झालाय का, हे ओळखायला बोल्टच्या डोक्यावर आणि ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारायची. नट सैल करून ब्रेकर बारने, म्हणजे लांब दांड्याच्या पान्याने, डोकं थोडं फिरवायचं आणि बार सोडायचा. रेघ फिरलेल्या जागी राहिली तर बोल्ट मोकळा. ती आपोआप मागे आली तर फिरतोय तो बोल्ट नव्हे, रबर पिळतंय. अशा बोल्टला 'हलतोय, हलतोय' म्हणत इम्पॅक्ट गन लावणारे बरेच आहेत. गन रबरावर वाया जाते, आणि शेवटी डोकं गोल होतं किंवा तुटतं. आमच्या गाडीत डाव्या बाजूच्या दोन्ही बोल्टच्या रेघा झटकन मागे आल्या.

मालक म्हणाले, "मेस्त, ऑइल मारून ठेवा रात्रभर, सकाळी निघेल."

"बाब, तेल जायला वाट पाहिजे. स्लीव्हची दोन्ही तोंडं कानांना दाबून बसलीत."

तरी तेल मारलं, कारण कापायचं ठरवण्याआधी साधे उपाय संपवावेत. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, आणि अ‍ॅसिटोन निम्मे-निम्मे. दोन्ही एकजीव होत नाहीत म्हणून दर वेळी बाटली हलवायची, आणि ज्वाळेजवळ न्यायची नाही. डब्ल्यूडी-४० या नावातली पहिली दोन अक्षरं पाणी हटवण्यासाठी आहेत, गंज फोडण्यासाठी नव्हेत. नटावर तेल काम करतं. दीड-दोन इंच लांब स्लीव्हच्या आत ते पोचेल ही आशा फार. मग नट उलट चढवून बोल्टच्या टोकाशी समपातळीत आणला, म्हणजे आटे फुलणार नाहीत, आणि एअर हॅमरने टोकावर ठोके दिले. उजवीकडचे दोन्ही बोल्ट असेच निघाले. डावीकडचे मिलिमीटरभरही सरकले नाहीत.

गॅसचा बंब बाजूलाच होता. शेजारच्या शेडमधले दोघे "तापव रे" म्हणत उभे होते. पण हा आर्म ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा आहे. लोखंड लाल होऊन इशारा देतं, अ‍ॅल्युमिनियम देत नाही. रंग न बदलता ६६० अंशांना किंवा त्याआधीच वितळतं, आणि त्याच्या खूप आधी, दोनशेच्या पुढेच, त्याचं बळ उतरायला लागतं. आर्म परत वापरायचा असेल तर त्यावर ज्वाळा नाही. शिवाय बुशचं रबर पेटलं की घाणेरडा काळा धूर, वरून पेट्रोलच्या नळ्या आणि एबीएसची वायर. ज्वाळेशिवाय विजेने तापवणारा इंडक्शन हीटर नटासाठी चांगला, पण इथे नट सुटलेलाच होता.

राहिलं कापणं. याला मी हार मानत नाही, आणि मानणाऱ्यांशी वादही घालत नाही. मात्र नवे एक्सेंट्रिक बोल्ट, चकत्या आणि नट हातात आल्याशिवाय ब्लेड लावायचं नाही. म्हापशात हे मिळत नाहीत. बाहेरून येईपर्यंत गाडी लिफ्टवर लटकून राहते आणि लिफ्टचं भाडं कुणी देत नाही.

स्प्रिंगही आधी पाहायची. या गाडीत ती स्ट्रटवरच बंदिस्त आहे, म्हणून खालचा आर्म कापला तरी उसळत नाही. ज्या गाड्यांत स्प्रिंग थेट लोअर आर्मवर बसते तिथे ताण न काढता बोल्ट कापणं म्हणजे जिवाशी खेळ. इथे फक्त हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बाहेर लोंबून ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट ताणला जाऊ नये म्हणून तो पट्ट्याने बांधला. आर्मचं चाकाकडचं टोक जोडलेलंच ठेवलं. आर्म मोकळा झाला की ब्लेडसोबत थरथरतो आणि काप वाकडा जातो.

जागा अशी की ग्राइंडरची चार इंची चकती कानाला लागल्याशिवाय राहत नाही. कानावर खाच पडली तर एक्सेंट्रिक चकती त्या खाचेत अडखळते आणि पुढचं प्रत्येक अलाइनमेंट बिघडतं. म्हणून रेसिप्रोकेटिंग सॉ, म्हणजे मागेपुढे चालणारी करवत, आणि कार्बाइड दातांचं ब्लेड. बाय-मेटल ब्लेड १०.९ ग्रेडच्या कडक पोलादावर लवकर बोथट होतं. वेग कमी, कटिंग ऑइल सतत, आणि ब्लेड कानाला नव्हे तर बुशच्या अंगाला टेकवलेलं. रबर आणि स्लीव्हचं तोंड कापलं गेलं तरी चालतं, तो बुश जाणारच आहे. एका बोल्टला दोन काप, दोन्ही कानांच्या आतून. मागे शाफ्टच्या रबरी बुटावर आणि ब्रेकच्या नळीवर पत्र्याचा तुकडा, त्यावर ओलं फडकं. घाई करणारा माणूस इथे ब्लेड दाबतो, ब्लेड तापतं, दात जातात, आणि दोष ब्लेडच्या कंपनीला.

आर्म बाहेर आल्यावर बुशची अवस्था कळली. रबर स्लीव्हपासून अर्ध्या घेरात सुटलेलं, आणि फाटीची दिशा एकाच बाजूला पिळलेली. ही झीज नुसत्या वयाची नाही. आधी कधीतरी कुणीतरी गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असतानाच बोल्ट आवळले होते. मग गाडी खाली उतरली की रबर उभ्या उभ्याच पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक खड्ड्यात त्यावर आणखी पीळ. खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या गाडीला हा हिशेब लवकर चुकवावा लागतो.

उत्पादकाच्या यादीत बुश सुटा नाही, आर्म पूर्ण घ्यायचा. सुटे बुश इतर कंपन्यांचे मिळतात. निर्णय बॉल जॉइंटवर, म्हणजे चाकाकडच्या गोळीच्या सांध्यावर, घ्यावा. तो आर्ममध्येच असतो आणि ढिला असेल तर बुश बदलणं फुकट. आमचे घट्ट होते, रबरी टोप्या अखंड. पॉलियुरेथेनचे बुश मालकांना हवे होते. ते पिळत नाहीत, स्लीव्हभोवती घसरतात, त्यामुळे ग्रीस संपलं आणि तांबडी माती आत गेली की किरकिरतात. रस्त्यावरच्या गाडीला रबरच, असं माझं मत मी दिलं आणि त्यांनी ऐकलं.

जुना बुश काढताना कवच हॅकसॉच्या ब्लेडने आतून लांबीत कापलं, पण शेवटचा थर सोडून. आर्मला रेघ पडता कामा नये. उरलेला थर छिन्नीच्या हलक्या टोल्याने आत वळतो. भोक चार ठिकाणी मोजलं. ०.१ मिमीपेक्षा जास्त अंडाकृती असेल तर मी आर्म परत बसवत नाही. गंजाची पांढरी भुकटी स्कॉचब्राइटने काढली. बुशमधल्या पोकळ्यांची दिशा आधीच रंगाने आर्मवर उतरवून ठेवली होती. दिशा चुकली तर गाडी बसते, पण चालते वेगळीच. बसवताना साबणाचं पाणी, ग्रीस नाही, कारण तेलाने नैसर्गिक रबर फुगतं. प्रेसचा दाब फक्त बाहेरच्या कवचावर.

नव्या बोल्टच्या गुळगुळीत दांड्यावर निकेलचं अँटी-सीझ, म्हणजे जाम होऊ न देणारी पेस्ट, लावलं. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमशेजारी तांब्याचं मला नको वाटतं. आट्यांवर आणि चकतीच्या दाबाच्या तोंडावर काहीच नाही. तिथे लावलं तर त्याच टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या त्याच जोराला, बोल्ट जास्त ताणला जातो, आणि एक्सेंट्रिक जागचा सरकू शकतो. नट नवे. गाडी उचलण्याआधी हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून ठेवलं होतं. हबखाली जॅक देऊन तेच अंतर आणलं आणि मगच टॉर्क रेंच. थोडं चालवून बुश जागेवर बसू दिले, मग अलाइनमेंट. मशीनवर मी स्वतः उभा राहिलो. मागची घरं हिरवी झाली. अलाइनमेंट करणारा पोरगा म्हणाला, "मागचं कोण बघतो, भाई?"

एक गोष्ट मात्र जुळत नाही. गाडी तीच, पाऊस तोच, बोल्ट एकाच वयाचे, मग डावे दगड आणि उजवे मोकळे का? मालकांचा ड्रायव्हर गाडी रोज विहिरीच्या पाण्याने धुतो, आणि नळी डावीकडेच पोचते. किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, तेव्हा हे पटण्यासारखं आहे. पण उजव्या बोल्टवर जुन्या ग्रीसचा पुसट थर होता. म्हणजे कुणीतरी एकच बाजू मनापासून केली होती, असंही असेल. मी मालकांना विहिरीचं पाणी बंद करायला सांगितलं आहे. पुढच्या चाकांच्या तिरक्या आर्मचे बुश अजून व्हायचेत, चतुर्थीनंतर गाडी आणतो म्हणालेत.