किल्ल्याच्या खोक्यातला डायनासोर

लहानपणी गड्ड्यात, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, आईनं मला एक हिरवा प्लास्टिकचा डायनासोर घेऊन दिला होता, पाच का सहा रुपयाला, आणि पुढच्या गड्ड्यापर्यंत तो मी कुठंतरी हरवला. बास, एवढंच झालं होतं. बाकी सगळं वेड तिथनं सुरू झालंय. आता वय बेचाळीस, हॉलमधल्या काचेच्या कपाटात एकसष्ट डायनासोर उभे आहेत, बायको पाहुण्यांना सांगते आधी ह्यांचा प्राणीसंग्रह बघून घ्या मग चहा ठेवते, आणि मित्र तर सरळच, "काय करूलालास बे, पोरांची खेळणी आहेत की ही."

आहेतच. पण ह्या खेळण्यांत पण घराणी आहेत राव. सगळ्यात गाजलेलं घराणं म्हणजे मार्क्स. सोलापुरात मार्क्स म्हटलं की माणूस लाल बावट्याकडं बघतो, पण हा कार्ल नाही, लुई, न्यूयॉर्कचा खेळणीवाला. १९५० च्या दशकात त्याच्या कंपनीनं डायनासोरांचे प्लेसेट काढले, डायनासोर, गुहेतली माणसं, झाडं सगळं एका खोक्यात. माणूस आणि डायनासोर शेजारी शेजारी, म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांचा घोळ, पण खेळणाऱ्या पोराला त्याचं काय. त्यातला टी-रेक्स बघाल तर हसू येतंय, ताठ उभा, शेपूट जमिनीवर टेकलेली, आणि पुढं चांगली ढेरी, लग्नात तिसऱ्यांदा जिलबी घेणाऱ्या काकांसारखी. तेव्हा डायनासोर तसेच काढायचे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या पीबडी म्युझियममध्ये झालिंगर नावाच्या चित्रकारानं १९४७ ला पुरं केलेलं एकशेदहा फुटी भित्तिचित्र आहे, त्यातला टी-रेक्स पण असाच ढेरपोट्या, आणि त्या काळातली खेळणी बरीचशी त्याच्यावरनंच उचललेली. नंतर १९६९ ला ऑस्ट्रॉम नावाच्या शास्त्रज्ञानं डायनोनिकसवर लिहिलं, की हा चपळ पळणारा प्राणी होता, आणि मग हळूहळू सगळ्यांच्या शेपट्या जमिनीवरनं उचलल्या गेल्या. म्हणून कुठलाही डायनासोर हातात आला की मी आधी शेपूट बघतो. टेकलेली असली की जुन्या वळणाचा.

मार्क्सच्या नादात मी एकदा चांगला फसलोय. ऑनलाइन एकानं "ओरिजिनल, १९५७" म्हणून टाकलेला, मी चार हजार दोनशे घातले, घरात सांगितलं दोनशे. पार्सल उघडल्या उघडल्या नवीन प्लास्टिकचा वास! कातडीवरच्या सुरकुत्या पुसट, विरघळलेल्या साबणासारख्या. जुन्या साच्यांतनं नाहीतर जुन्या मॉडेलवरनं परत ओतलेले माल बाजारात भरपूर आहेत, त्यात गैर काही नाही, पण तसं सांगून विका ना. विकणाऱ्यानं नंतर फोनच उचलला नाही. तो डायनासोर अजून आहे, वॉशिंग मशीनवर, साबणाची वडी ठेवायला.

माझं खरं प्रेम मात्र इनव्हिक्टावर. इंग्लंडात लेस्टरची कंपनी, १९७४ पासनं लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमसाठी डायनासोर काढायची. सुरुवातीचे एकाच रंगाचे, बिनरंगवलेले, आणि बहुतेक सगळे एकाच मापात म्हणजे खऱ्याच्या पंचेचाळिसावा हिस्सा, त्यामुळं शेजारी शेजारी ठेवले की कोण केवढा होता ते डोळ्याला कळतंय. पोटाखाली नाव कोरलेलं असतंय आणि म्युझियमचं जुनं नाव, ब्रिटिश म्युझियम, कंसात नॅचरल हिस्ट्री. तो कंस वाचायला मी भिंग घेऊन बसतो. माझ्याकडं चारच आहेत. त्यातला मेगॅलोसॉरस (जगात सगळ्यात आधी, १८२४ ला, शास्त्रीय नाव मिळालेला डायनासोर हाच) लेस्टरला राहणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं आणून दिला, तिथल्या कुठल्यातरी सेकंडहँड दुकानातनं, आणि बदल्यात काय तर दोन सोलापुरी चादरी आणि अर्धा किलो शेंगाचटणी. मला अजून वाटतंय सौदा मलाच स्वस्तात पडला. ह्यातलाच ट्रूडॉन आणि लायोप्ल्यूरोडॉन मिळता मिळत नाहीत, त्यांचे फोटो बघूनच समाधान.

आपल्या गावात हा शौक करायचा म्हणजे उन्हाशी भांडण. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला गेला, त्यात दुपारची लाईट गेली की कपाटाची भट्टी. जुनं मऊ प्लास्टिक चिकट व्हायला लागतंय, हात लावला की बोटाला गुळासारखं लागतंय, कारण मऊपणासाठी घातलेलं द्रव्य उष्णतेनं बाहेर पडतंय. आणि दोन पायांवरचे तर वाकतातच. माझ्या कार्नेगी सिरीजमधला एक (ही अमेरिकेतल्या सफारी कंपनीची, १९८८ ते २०१५ चालली, आता बंद) गेल्या उन्हाळ्यात असा पुढं झुकला की जणू पाया पडतोय. उपाय सोपाय. पातेल्यात कडकडीत पाणी, गॅस बंद, त्यात पाय मिनिटभर बुडवायचे, मऊ पडले की हातानं सरळ करून धरायचं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. मी हे करत असताना आई स्वयंपाकघरात आली, पातेल्यातली शेपूट बघितली, काही न बोलता बाहेर गेली. ते पातेलं आता माझ्या नावावर आहे.

बरं, एवढी मोठी घराणी सांगितली, पण मिळायला सगळ्यात अवघड काय ते ऐका. हाँगकाँगची फालतू पिशवी. अमेरिकेत १९७० च्या आसपास स्वस्त दुकानांत "प्रागैतिहासिक प्राणी" म्हणून प्लास्टिकची एक पिशवी मिळायची, आत डायनासोर कमी आणि कुणाच्या तरी डोक्यातले विचित्र प्राणी जास्त. गॅरी गायगॅक्स नावाच्या माणसानं त्यातले काही उचलले, आपल्या खेळात राक्षस म्हणून वापरले, आणि पुढं डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या जादू-राक्षसांच्या बैठ्या खेळातले रस्ट मॉन्स्टर, आऊलबेअर, बुलेट हे राक्षस त्यातनंच जन्मले. आता लोक ती पिशवी शोधत फिरतात. म्युझियमच्या शिक्क्याचा माल लोकांनी जपून ठेवला, हा कोण जपणार? पोरांनी चावला, मातीत पुरला, आईनं झाडून टाकला.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात आलं की आपल्याकडं असा माल कुठं टिकला असंल? भंगारवाल्यांकडं विचारलं, ते वजनावर बोलतात. आणि मग दिवाळीनंतर एकदम पेटलं, किल्ला! आपण सगळ्यांनीच किल्ल्यावर मावळ्यांच्या बरोबर गाई, वाघ, प्लास्टिकचा जिराफ, मोटारी, जे असंल ते मांडलंय. आणि किल्ल्याचं सामान कुणी टाकत नाही. वर्षभर माळ्यावर असतंय.

तेव्हापासनं मी नातेवाइकांकडं गेलो की किल्ल्याचं खोकं मागतो. तीन घरं कोरडी गेली. परवा आत्याकडं गेलो, ती अशोक चौकाजवळ राहते. खोकं बिस्किटांचं, सुतळीनं बांधलेलं. वर पेपरात नीट गुंडाळलेले मातीचे महाराज, खाली मुंडकं उडालेले चार मावळे, एक तोफ, आणि तळाशी, अंगावर अजून अळिवाची वाळलेली मुळं चिकटलेला, हिरवा डायनासोर. पाठीवर करवतीसारखे काटे, कुठल्या जातीचा ते त्याला बनवणाऱ्याला पण माहीत नसंल. थुंकी लावून पोट पुसलं. इंग्रजीत लिहिलेलं, मेड इन हाँगकाँग. चायना नाही, हाँगकाँग! म्हणजे जुना माल, बहुतेक माझ्या गड्ड्यातल्याच्या आधीचा.

माझाच असंल का म्हणून शेपूट बघितली. माझ्याची मी चावून चपटी केली होती, ह्याची टोकदार आहे.

आत्या म्हणाली, "पाहिजे तर ने बाबा. पण दिवाळीच्या आधी आणून दे, पोरं त्याला गुहेत ठेवतात, नसला की रडतात."