तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरीतला नातू इंग्रजीत

"नातू दुसरीत आहे, हे इंग्रजीत कसं सांगायचं हो?" अमेरिकेला निघालेले आजी-आजोबा माझ्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

तिकडे तो 'सेकंड ग्रेडर'. आपल्या 'दुसरीतला'सारखंच सुटसुटीत. पण आपल्याला ग्रेडर म्हटलं की रस्ता सपाट करणारं धूड दिसतं, आणि सेकंड ग्रेड म्हणजे दुय्यम माल. जीभ अडखळतेच. मग 'ही इज इन सेकंड ग्रेड' म्हणा. 'स्टडीइंग इन' कशाला? सात वर्षांचं पोर, अर्धा डबा तसाच परत आणतं, ते कसला स्टडी करतंय!

'क्लास' मात्र जपून. एका आजींनी सराव करताना खणखणीत आवाजात सांगितलं, "माय ग्रँडसन इज थर्ड क्लास." वर्ग हसला, आजी रुसल्या. रेल्वेतून थर्ड क्लास 1974 साली गेला, आपल्या तोंडातून काही गेला नाही. 'ही इज इन क्लास थ्री' हे दिल्लीकडे रोजचं, आपल्याकडे 'थर्ड स्टँडर्ड'. दोन्हीत चूक काही नाही, पण न्यू जर्सीतली शेजारीण बुचकळ्यात पडेल.

केजीचा घोळ वेगळाच. आपली केजी दोन वर्षांची, त्यांचं किंडरगार्टन एकाच वर्षाचं, साधारण पाचव्या वर्षी. म्हणजे सीनिअर केजीतली नात 'किंडरगार्टनर', ज्युनिअरमधली अजून 'प्रीस्कूलर'.

लेक लंडनला असेल तर हे सगळं विसरा. तिथे चौथं संपलं की 'रिसेप्शन', मग 'इयर वन', त्यामुळे अमेरिकेतला सेकंड ग्रेडर तिथे 'इयर थ्री'त बसतो. स्कॉटलंडात 'प्रायमरी वन'पासून मोजतात. आयर्लंडमध्ये तर पाच वर्षांचं पोर 'सीनिअर इन्फंट्स'मध्ये! तान्ह्या बाळांतलं थोरलं. मला आपली बिगरी आठवते.

त्या रुसलेल्या आजी जूनच्या शेवटी न्यू जर्सीतल्या एडिसनला पोचल्या. 'थर्ड ग्रेडर' घोकून गेल्या होत्या. शाळेला नुकती सुट्टी लागलेली, आणि नातवाने परस्पर शेजारणीला सांगून टाकलं, "आय ॲम अ राइझिंग फोर्थ ग्रेडर." रात्री आजींचा फोन. "बाई, हा नक्की कितवीत आहे?"

म्हटलं, आजी, चौथीत गेला.