तुम्ही विचारलेत म्हणून : न्यूयॉर्क की शिकागो?

भारतातून फिरायला येणारे नातेवाईक, वास्तुकला शिकणारी त्यांची मुले आणि ज्यांची माझी ओळख फक्त फोनवरची आहे अशी माणसेसुद्धा मला एक प्रश्न हमखास विचारतात : "तुम्ही बांधकाम क्षेत्रातले, तर सांगा, अमेरिकेत सर्वांत देखणी स्कायलाइन कोणत्या शहराची?" (स्कायलाइन म्हणजे इमारतींच्या माथ्यांनी आभाळावर उमटणारी शहराची रेघ.) विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा न्यूयॉर्क पक्के बसलेले असते आणि माझ्याकडून त्याला फक्त दुजोरा हवा असतो. तो मी देत नाही. माझे उत्तर शिकागो असे आहे. मी त्या शहराजवळ राहतो, त्यामुळे थोडा पक्षपात होत असेलही. पण माझ्याकडे कारणेही आहेत.

उंची आणि संख्या हाच निकष धरला, तर वाद सुरू होण्याआधीच मिटतो. न्यूयॉर्कचे वन वर्ल्ड ट्रेड सेंटर 541 मीटर उंच आहे, सेंट्रल पार्क टॉवर 472 मीटर आहे आणि शिकागोची सर्वांत उंच इमारत, विलिस टॉवर, 442 मीटरवर थांबते. परंतु स्कायलाइन ही एकेका इमारतीची गोष्ट नाही. संपूर्ण शहर एका नजरेत दिसावे लागते आणि त्यासाठी उंच इमारतींइतकीच त्यांच्यासमोरची मोकळी जागा महत्त्वाची असते. शिवाय शहराची आकाशरेषा वास्तुविशारदाच्या कागदावर सुरू होत नाही; त्याआधी तिथली जमीन, तिथले कायदे आणि जमिनीचा भाव यांनी ती बरीचशी आखून ठेवलेली असते.

न्यूयॉर्कचेच पाहा. 1915 मध्ये तिथे इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली. ती 38 मजल्यांची इमारत कुठेही मागे न सरकता रस्त्याच्या कडेपासून सरळ वर गेली आणि आजूबाजूच्या इमारतींचा उजेड तिने अडवला. अशा इमारतींबद्दल आधीच धुमसत असलेल्या असंतोषातून 1916 मध्ये शहराने नवा कायदा केला. त्या कायद्याने उंचीवर थेट बंधन घातले नाही; ठराविक उंचीनंतर इमारत टप्प्याटप्प्याने मागे घ्यावी आणि भूखंडाच्या एक चतुर्थांश भागावर मात्र हवे तितके वर जावे, असे त्याने सांगितले. 'न्यूयॉर्कचा आकार' म्हणून आपण जो पायऱ्यापायऱ्यांचा आकार ओळखतो, तो या हिशेबातून आला. 1931 मध्ये पुरी झालेली एम्पायर स्टेट बिल्डिंग हा तोच हिशेब आहे, फक्त फार चांगल्या हाताने सोडवलेला. तिच्या आदल्या वर्षी पूर्ण झालेल्या क्रायस्लर बिल्डिंगचे वास्तुविशारद विल्यम व्हॅन ॲलन यांनी 40 वॉल स्ट्रीट या प्रतिस्पर्धी इमारतीवर मात करण्यासाठी पोलादी सुळका इमारतीच्या आतच गुपचूप जुळवून घेतला आणि 1929 च्या ऑक्टोबरात तो वर काढून बसवला. ईर्ष्येतून एवढी सुंदर वस्तू क्वचितच तयार होते.

पुढे 1961 मध्ये कायदा बदलला आणि आपल्याकडे ज्याला एफएसआय म्हणतात तसा, भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल हे ठरवणारा, निर्देशांक आला. त्याबरोबर एक सवलतही आली : इमारतीसमोर मोकळे आवार ठेवा आणि वर जास्त मजले घ्या. त्याच्या तीन वर्षे आधी वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहे यांनी सीग्राम बिल्डिंग रस्त्यापासून बरीच मागे घेऊन पुढे प्रशस्त अंगण सोडले होते आणि ते सर्वांना भावले होते. पण मीस यांनी जे डोळ्याने मोजून केले, ते इतरांनी सवलतीसाठी केले आणि जिथे कोणी दोन मिनिटे टेकत नाही अशी ओसाड आवारे मॅनहॅटन या न्यूयॉर्कच्या मुख्य बेटावर पसरली. त्यानंतरची पायरी मुंबई-पुण्यातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, कारण टीडीआर, म्हणजे बांधकामाच्या हक्कांची बदली, आपल्या परिचयाचा आहे. न्यूयॉर्कमध्ये शेजारच्या भूखंडांवरचे न वापरलेले बांधकामाचे हक्क विकत घेऊन आपल्या भूखंडावर चढवता येतात. त्यातूनच 57 व्या रस्त्याच्या आसपासचे अतिकृश 'पेन्सिल टॉवर' उगवले. त्यांपैकी 111 वेस्ट 57 वा रस्ता ही इमारत 435 मीटर उंच आहे आणि रुंद जेमतेम 18 मीटर. 432 पार्क ॲव्हेन्यूमध्ये वाऱ्याला वाट मिळावी म्हणून ठराविक अंतराने दोन-दोन मजले मोकळे ठेवले आहेत. अभियांत्रिकी म्हणून हे अचाट आहे आणि मी त्याला मनापासून दाद देतो. तरीही माझ्या मते या इमारती आतून बाहेर बघणाऱ्यांसाठी बांधल्या आहेत, बाहेरून त्यांच्याकडे बघणाऱ्यांसाठी नाहीत.

मॅनहॅटनच्या उंच इमारतींचे दोन पुंजके का आहेत, एक दक्षिण टोकाला आणि दुसरा मिडटाउनमध्ये, याचे एक लोकप्रिय उत्तर आमच्या व्यवसायातही अजून सांगितले जाते : या दोन पुंजक्यांच्या मधल्या भागात खडक खोल आहे, म्हणून तिथे उंच बांधता आले नाही. जेसन बार या अर्थतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह हा दावा तपासला, तेव्हा खडकाच्या खोलीमुळे वाढणारा खर्च त्या मानाने किरकोळ निघाला. वस्ती, दुकाने आणि वाहतूक उत्तरेकडे सरकत गेली आणि कचेऱ्या त्यांच्यामागे गेल्या, हे कारण अधिक खरे आहे.

न्यूयॉर्कबद्दलची माझी मुख्य तक्रार मात्र वेगळीच आहे. मॅनहॅटनमध्ये उभे राहून मॅनहॅटन दिसत नाही. ते पाहायला ब्रुकलिनला किंवा हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीत जावे लागते. जर्सी सिटीत नदीकाठी राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना ते दृश्य रोज खिडकीतून फुकट मिळते आणि ज्यांनी मॅनहॅटनमध्ये दुप्पट भाडे भरून घर घेतले, त्यांना समोरच्या इमारतीचा वातानुकूलन यंत्रणेचा मजला दिसतो.

कायदा आकार कसा ठरवतो, याची याहून रोखठोक उदाहरणे इतर शहरांत आहेत. लॉस एंजेलिसमध्ये 1957 पर्यंत साधारण दीडशे फुटांची मर्यादा होती, तिच्यातून 1928 मध्ये फक्त नगरभवनाच्या इमारतीला मुभा मिळाली. मर्यादा उठल्यावर उंच इमारती आल्या, पण 1974 मध्ये अग्निशमनाच्या नियमाने प्रत्येक उंच इमारतीच्या गच्चीवर हेलिकॉप्टर उतरण्याची सोय सक्तीची केली. म्हणून त्या शहराचे माथे चाळीस वर्षे सपाट राहिले. 2014 मध्ये नियम सैल झाला. त्याच सुमारास विशेष परवानगी घेऊन बांधलेल्या विल्शायर ग्रँडला 2017 मध्ये निमुळता माथा लाभला. वॉशिंग्टनमध्ये 1910 चा कायदा इमारतीची उंची समोरच्या रस्त्याच्या रुंदीला बांधतो : रुंदी अधिक वीस फूट. कॅपिटॉल या संसदभवनापेक्षा उंच बांधायचे नाही असा नियम आहे, हे गाइड सांगतात. कायदा ते सांगत नाही.

फिलाडेल्फियात तर लेखी कायदाही नव्हता. नगरभवनाच्या मनोऱ्यावर शहराचा संस्थापक विल्यम पेन याचा पुतळा आहे आणि त्याच्या टोपीच्या वर कोणी बांधायचे नाही, असा केवळ सभ्यतेचा संकेत होता. तो 1987 मध्ये वन लिबर्टी प्लेसने मोडला. त्यानंतर शहराचे खेळांचे संघ वर्षानुवर्षे एकही अजिंक्यपद जिंकेनात, तेव्हा लोकांनी हा पेनचा शाप ठरवला. 2007 मध्ये नव्या, त्याहून उंच कॉमकास्ट सेंटरच्या सर्वांत वरच्या तुळईवर बांधकाम कामगारांनी पेनची चिमुकली मूर्ती बसवली आणि 2008 मध्ये बेसबॉलच्या संघाने अजिंक्यपद पटकावले. शकुन-अपशकुन फक्त आपल्याकडेच पाळतात असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ह्यूस्टनमध्ये कोणत्या जागी काय बांधावे हे ठरवणारा झोनिंगचा कायदाच नाही. तेलाच्या पैशावर तिथे 1982 मध्ये वास्तुविशारद आय. एम. पेई यांची 305 मीटरची इमारत उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी शहराच्या मध्यापासून कितीतरी मैल दूर, एकट्याने, 275 मीटरचा ट्रान्स्को टॉवर. त्या शहरातली एक इमारत मात्र मला फार आवडते. पेन्झॉइल प्लेस हे 1970 च्या दशकातले दोन काळ्या काचेचे बुरूज आहेत आणि त्यांच्या कोपऱ्यांमध्ये फक्त दहा फुटांची फट आहे. गाडीतून जाताना ती फट उघडते, आभाळाची उभी पट्टी दिसते आणि पुढच्या क्षणी दोन्ही बुरूज एक होऊन जातात. ह्यूस्टन गाडीतूनच बघायचे शहर आहे, हे तिच्या वास्तुविशारदांनी बरोबर ओळखले होते.

सॅन फ्रान्सिस्कोत 1972 च्या ट्रान्सअमेरिका पिरॅमिडला आधी कडाडून विरोध झाला आणि आज तीच इमारत शहराची खूण आहे. माझ्या वैयक्तिक यादीत तिसरा क्रमांक पिट्सबर्गचा लागतो. तिथल्या व्यंकटेश्वर मंदिरासाठी आपले लोक आवर्जून जातात, पण पश्चिमेकडून फोर्ट पिट बोगद्यातून शहरात शिरण्याचा अनुभव घेत नाहीत. बोगदा संपतो आणि पुलावर येताच अख्खे शहर एकदम समोर उभे राहते.

आता शिकागो. 1871 च्या आगीत शहराचा मध्य जळून गेला आणि पुन्हा बांधायला घेतला तेव्हा पायाखाली मऊ चिकणमाती होती. जड भिंतींची उंच इमारत अशा मातीत खचत जाते, त्यामुळे वजन कमी करणे भागच होते. 1885 मध्ये विल्यम ले बॅरन जेनी यांनी होम इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये भिंतींचा भार बराचसा धातूच्या सांगाड्यावर टाकला. ती दहा मजली इमारत 1931 मध्ये पाडली गेली, पण तिने दाखवलेला मार्ग ज्यांना समजून घ्यायचा आहे त्यांनी डिअरबॉर्न रस्त्यावरची मोनॅडनॉक बिल्डिंग पाहावी. तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग 1891 चा : सोळा मजल्यांचा भार विटांच्या भिंतींवर, तळाशी भिंतीची जाडी सुमारे सहा फूट. तळमजल्याच्या खिडकीत हात घातला तर काचेपर्यंत पोहोचत नाही. दक्षिणेकडचा अर्धा भाग दोनच वर्षांनंतरचा, पोलादी सांगाड्यावरचा. तिथे भिंत पातळ झालेली आहे आणि खिडक्या ऐसपैस. पदपथावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले की बांधकामशास्त्रातली ती उडी पायी पार करता येते.

दुसरी उडी फझलूर रहमान खान यांची. 1929 मध्ये ढाक्यात जन्मलेला हा बंगाली अभियंता कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला आणि पुढे शिकागोत स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेत काम करू लागला. उंच इमारतीचा खरा वैरी वजन नव्हे, वारा आहे. खान यांनी वाऱ्याचा भार आतल्या खांबांकडून काढून बाहेरच्या आवरणाला पेलायला लावला, म्हणजे संपूर्ण इमारतच एक ताठ नळी झाली. 1969 च्या जॉन हॅनकॉक सेंटरवर जे प्रचंड फुलीचे आकार दिसतात, ती सजावट नाही. तेच वाऱ्याला तोंड देत आहेत. त्यानंतरच्या सिअर्स टॉवरमध्ये त्यांनी नऊ चौरस नळ्या एकत्र बांधल्या. त्यांतल्या दोन पन्नासाव्या मजल्यावर संपतात, दोन सहासष्टाव्या, तीन नव्वदाव्या आणि उरलेल्या दोन शेवटपर्यंत जातात. नाव 2009 पासून विलिस टॉवर झाले आहे, पण इथले जुने रहिवासी अजून सिअर्सच म्हणतात. इमारत कशी उभी आहे हे बाहेरून वाचता यावे, ही या शहराची सवय आहे. अलीकडची 150 नॉर्थ रिव्हरसाइड ही चौपन्न मजली इमारत पाहा : एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर ती भोवऱ्यासारखी निमुळत्या पायावर उभी आहे, तिचे हेलकावे रोखण्यासाठी माथ्यावर पाण्याच्या टाक्या आहेत.

पण एवढ्यावर शिकागोला पहिला क्रमांक मिळाला नसता. तो मिळतो समोरच्या मोकळ्या जागेमुळे. 1836 च्या एका नकाशावर मिशिगन सरोवराच्या काठच्या जमिनीवर लिहिले होते की, ही सार्वजनिक जागा कायम खुली आणि इमारतींपासून मुक्त राहावी. मिशिगन ॲव्हेन्यूवर ज्यांचा व्यवसाय होता त्या ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी या एका ओळीच्या आधारावर 1890 पासून जवळपास वीस वर्षे कोर्टकज्जे केले, वर्तमानपत्रांची आणि पुढाऱ्यांची नाराजी ओढवून घेतली आणि ग्रँट पार्क रिकामे राखले. त्या पार्कच्या जमिनीचा एक भाग 1871 च्या आगीतला राडारोडा सरोवरात टाकून तयार झालेला आहे. तिथे जे मोजके अपवाद झाले, त्यांतला ठळक अपवाद म्हणजे आर्ट इन्स्टिट्यूट आणि मराठी पाहुणे तिथे मला हटकून घेऊन जातात, कारण 1893 ची धर्मपरिषद, जिथे विवेकानंद बोलले, ती याच इमारतीत भरली होती. दर्शन घेऊन झाल्यावर मी त्यांना रस्ता ओलांडायला न लावता पाठीमागच्या पार्कात नेतो आणि पश्चिमेकडे वळायला सांगतो. एका लांब रांगेत, एकही इमारत आड न येता, शंभराहून अधिक वर्षांचे बांधकाम तिथे दिसते.

शिकागोच्या हातूनही फसलेल्या गोष्टी आहेत. वास्तुविशारद सांतियागो कालात्राव्हा यांच्या 600 मीटरहून उंच पिळदार मनोऱ्याचे काम 2008 च्या मंदीत थांबले आणि नदीच्या मुखाशी पायाचा गोल खड्डा कितीतरी वर्षे तसाच पडून होता.

एकच दिवस हाताशी असेल तर शिकागोत सकाळी ॲडलर तारांगणाच्या टोकाला जावे, कारण शहर तिथून पश्चिमेच्या अंगाला आहे आणि ऊन समोरच्या इमारतींवर पडते. न्यूयॉर्कसाठी दुपार उलटल्यावर जर्सी सिटीचा किंवा होबोकेनचा नदीकाठ गाठावा. तिथे मॅनहॅटन पूर्वेला असते. दोन्ही पाहून झाल्यावरही ज्यांना न्यूयॉर्कच सरस वाटेल, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. फक्त ते दृश्य न्यूयॉर्कच्या नव्हे, न्यू जर्सीच्या जमिनीवरून पाहिले, एवढे त्यांनी कबूल करावे.