आंबट पिठाला गोड फळ: उरलेल्या सावरडोचे पॅनकेक

आमच्या फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी एक काचेची बरणी असते, तिला रबर बँड लावलेला असतो आणि मुलीने मार्करने वर 'फुगोबा' असं लिहिलंय. हा आमचा सावरडो स्टार्टर, म्हणजे ब्रेड फुगवायचं आंबवलेलं पीठ. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळे ब्रेड करत होते तेव्हा मी त्या वाटेला गेले नव्हते, दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने तिच्या बरणीतले दोन चमचे वाटीत काढून दिले, अगदी शेजारणीकडून विरजण आणतो ना तसे, आणि तिथून माझं सुरू झालं. ब्रेड नीट जमायला चार महिने लागले, तो वेगळाच विषय आहे. आज लिहायचंय ते टाकून द्यायच्या पिठाबद्दल.

ज्यांनी स्टार्टर पाळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पीठ आणि पाणी सारख्या वजनाने कालवून ठेवलं की त्यात यीस्ट आणि लॅक्टिक अ‍ॅसिड करणारे जिवाणू वस्तीला येतात, यीस्टमुळे पीठ फुगतं आणि जिवाणूंमुळे आंबट होतं. त्यांना परत परत ताजं पीठ-पाणी द्यावं लागतं. ५० ग्रॅम स्टार्टरला ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी दिलं की झाले १५०. काहीच न काढता परत त्याच हिशोबाने दिलं तर ४५०, मग १३५०, मग ४०५०, म्हणजे चौथ्या वेळेला चार किलो पीठ घरात! म्हणून प्रत्येक वेळी थोडंच ठेवायचं आणि बाकीचं काढून टाकायचं, त्या काढलेल्याला सगळे डिस्कार्ड म्हणतात.

मी ते सिंकमध्ये टाकायचे. पाणी सोडायचे वरून आणि बघायचे नाही तिकडे. एकदा सकाळी बाबा, म्हणजे माझे सासरे, चहाचा कप ठेवायला आले आणि त्यांनी बघितलं. "अगं, हे रोज टाकतेस?" एवढंच विचारलं, रागावले वगैरे अजिबात नाहीत, कप विसळला आणि गेले. पण मला ते दिवसभर लागून राहिलं. ज्या घरात उरलेल्या कणकेच्या गोळ्याची दुसऱ्या दिवशी दशमी होते, शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, शिळ्या भाताला फोडणी मिळते, तिथे रोज वाटीभर पीठ मी नळाखाली सोडत होते. त्या दिवसापासून फ्रिजमध्ये दुसरी बरणी आली, डिस्कार्ड साठवायची.

पॅनकेकच्या ज्या रेसिपी शोधल्या त्या सगळ्यांत ब्लूबेरी. इथे ताजी ब्लूबेरी महाग आणि बरेचदा कशीतरीच असते, म्हणून मी स्ट्रॉबेरी घेतली, महाबळेश्वरची, मस्त लालभडक होती. तुकडे करून पिठात घातले आणि तव्यावर टाकले. चव बघितली तर आंबटावर आंबट. शिवाय स्ट्रॉबेरीने पाणी सोडलं आणि तुकड्याच्या भोवती पीठ कच्चंच राहिलं, बाहेरून मात्र करपायला आलेलं. मुलीने वरून इतका मध ओतला की खाली काय आहे ते कळेचना. मला वाटलं डिस्कार्डच जास्त आंबट झालंय, मग पुढच्या वेळी साखर वाढवली, तर तव्याला चिकटून काळं झालं.

मग एका रविवारी सासवडहून परत येत होतो, घाट उतरायच्या आधी रस्त्याकडेला अंजिराच्या पाट्या घेऊन लोक बसले होते. पुरंदरचं अंजीर, २०१६ मध्ये त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ते नसतं मिळालं तरी आम्ही थांबलोच असतो. दोन पाट्या घेतल्या आणि घरी येईपर्यंत खालची दोन-तीन फुटली होती, पिकलेलं अंजीर काही धीर धरत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी अजून चार मऊ पडली. खाण्यासारखी नीट दिसत नव्हती आणि टाकवत तर नव्हतीच. बाहेर डिस्कार्डची बरणी होती. अंजिराच्या चकत्या केल्या, तव्यावर पीठ ओतलं, वरून चकत्या ठेवल्या, उलटलं.

खरं सांगते, पहिला घास खाल्ला आणि मी गॅस बारीक करून तिथेच उभी राहिले. अंजिराला स्वतःचा आंबटपणा जवळजवळ नसतोच, नुसता गोडवा, तो कधीकधी एकटा खाताना जरा सपक वाटतो. आणि डिस्कार्डला नुसता आंबटपणा. दोघं एकमेकांसाठीच थांबले होते असं वाटलं. तव्याला लागलेली बाजू थोडी काकवीसारखी झालेली, बिया दाताखाली कुरकुर येत होत्या. मध लागला नाही, वरून फक्त तूप.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की डिस्कार्डच्या पॅनकेकला आंबट फळ घालूच नये. बेरी त्या रेसिपी लिहिणाऱ्यांकडे पिकतात म्हणून ते घालतात, आणि वर भरपूर सिरप ओततात. आपल्याकडे मुळातच गोड, आंबटपणा नसलेली इतकी फळं आहेत, अंजीर, चिकू, केळं, सीताफळ. त्यांना आंबट जोडीदार हवाच असतो.

आता कृती. एक वाटी डिस्कार्ड, माझ्या वाटीत साधारण २४० ग्रॅम बसतं, म्हणजे त्यात १२० ग्रॅम पीठ आणि १२० ग्रॅम पाणी आधीच आहे, वेगळं पीठ घालायची गरज नाही. त्यात एक अंडं, दोन-तीन मोठे चमचे दूध, एक चमचा किसलेला गूळ दुधातच विरघळवून, एक चमचा पातळ केलेलं तूप, चिमूटभर मीठ. वेलची मी फक्त केळ्याबरोबर घालते, अंजिराबरोबर नाही, तिथे ती उगाच पुढे पुढे करते. बाबा अंडं खात नाहीत, त्यांच्यासाठी पिकलेलं केळं अर्धं कुस्करून घालते, ते धरून ठेवतं नीट, थोडे कमी फुगतात एवढंच. हे सगळं आधी कालवून ठेवलं तरी चालतं.

फक्त खायचा सोडा आधी घालायचा नाही. हे मी चुकून शिकले. सकाळी घाई नको म्हणून एकदा रात्रीच सगळं कालवून, सोडासुद्धा घालून ठेवलं, आणि सकाळी जे पॅनकेक झाले ते चामड्यासारखे, पातळ आणि चिवट. झालं होतं असं की पॅनकेक फुगतात ते यीस्टने नाही, डिस्कार्डमधलं यीस्ट तर उपाशी असतं, दमलेलं असतं. फुगतात ते सोड्याने. डिस्कार्डमधलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की लगेच कार्बन डायऑक्साइड सुटतो, पीठ डोळ्यांसमोर फसफसून वर येतं, वाटी जरा मोठीच घ्या. तो फेस तव्यावर जायला हवा, रात्रभर वाटीत नाही. म्हणून तवा तापला, फळ चिरून झालं, सगळे टेबलावर आले की मग अर्धा छोटा चमचा सोडा भुरभुरवायचा, दोन-चार वेळा हलवायचं आणि लगेच घालायला घ्यायचं. सोडा आंबटपणाही कमी करतो. पण म्हणून जास्त घालू नका, सगळं आम्ल संपून सोडा उरला तर साबणासारखी चव येते आणि रंगही फार पटकन गडद होतो. बरणी ताजी असेल, फार आंबट झाली नसेल, तर पाव चमचाच घाला.

तवा मी बिडाचाच वापरते, आंबोळ्यांचा. नॉनस्टिकवर होतात, पण तो खालचा खरपूस रंग येत नाही. वांग्याच्या देठाने तूप फिरवायचं, आईची पद्धत. गॅस मध्यमपेक्षा कमी. पळीभर पीठ घालायचं आणि पसरवायचं नाही, आंबोळीसारखंच, ते आपलं आपलं पसरतं. मग फळ वरून ठेवायचं, पिठात कालवायचं नाही, म्हणजे पाणी सुटत नाही आणि उलटल्यावर फळ थेट तव्याला लागतं, तिथेच तर खरी चव आहे. वर भोकं पडली आणि कडा कोरड्या दिसल्या की उलटा. फळाची बाजू एक मिनिट, जास्त नाही.

माझी आई फोनवर ऐकून म्हणाली, म्हणजे गुळाची धिरडीच की. बरंचसं तसंच आहे, पण धिरड्याचं पीठ आपण आंबवत नाही आणि सोडाही घालत नाही, त्यामुळे ती जाळीदार पण चपटी असतात, हे जाडसर आणि मऊ, स्पंजसारखे. दोन्ही मला आवडतात, मी कुणाला कुणाची जागा घेऊ देणार नाही.

गेल्या वर्षभरात जे जे मंडईत दिसलं ते घालून बघितलंय. केळं सगळ्यात सोपं, सालीवर काळे ठिपके आलेलं घ्या, पण साखर जास्त असल्याने पटकन करपतं, गॅस अजून कमी. चिकूच्या पातळ चकत्या, वा, चिकू तापला की त्याचा गूळ होतो अगदी, आमच्या घरी अंजिरानंतर याचाच नंबर. पेरू जमला नाही, गरम पेरूचा वास मला तरी सहन होत नाही आणि बिया कडक लागतात.

सीताफळाने मला फार त्रास दिला. गणपती ते दिवाळी मंडईत ढीग असतात, मी हौसेने गर काढला, आणि सीताफळाचा गर काढणं म्हणजे काय काम असतं ते ज्यांनी केलंय त्यांना माहितीये, अर्धा तास बिया वेगळ्या करत बसले होते, सगळा पिठात घातला आणि पॅनकेक कडू झाले. चक्क कडू. मग लक्षात आलं की सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, म्हणून तर बासुंदीत तो बासुंदी गार झाल्यावर घालतात, हे मला माहिती होतं आणि तरी तव्यासमोर आठवलं नाही. आता मी पॅनकेक साधेच करते, जरा निवू देते आणि वर गार गर घालते, थोडी साय. ते इतकं छान लागतं की सीताफळाच्या दिवसात मी स्टार्टरला मुद्दाम जास्त पीठ देते.

हापूसचंही तेच, तापवायचा नाही, तापवला की वास उडतो आणि मग तो कुठलाही आंबा होतो. गरम पॅनकेकवर गार फोडी. आणि जांभूळ पिठात घालू नका. तुरटपणा आवडतो म्हणून मी घातलं होतं पण सोड्यामुळे त्या सुंदर जांभळ्या रंगाचा राखाडी-हिरवट झाला, मुलीने ताट हळूच पुढे सरकवलं आणि मला तिला आग्रह करवला नाही. आंबट फळांत तो रंग टिकतो, सोडा आला की बदलतो. स्ट्रॉबेरी घालायचीच असेल तर वेगळी थोड्या साखरेत आटवून वरून घ्या, तशी चांगली लागते, आटवल्यावर तिचा आंबटपणा मवाळ होतो.

डिस्कार्डबद्दल दोन-तीन गोष्टी ज्या मला कुणी आधी सांगायला हव्या होत्या. नवीन स्टार्टर सुरू केला असेल तर पहिल्या आठवडाभराचं काढलेलं पीठ खाऊ नका, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते जोरात फुगतं आणि आपल्याला वाटतं झालंच, पण ते फुगणं भलत्याच जिवाणूंचं असतं, आंबटपणा वाढला की ते मागे पडतात आणि मग खरी मंडळी येतात. तेवढं पीठ टाकावंच लागतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फ्रिजमधल्या बरणीवर करडं पाणी साठलं तर ते बिघडलेलं नाही, भुकेचं लक्षण आहे, ढवळून घ्या किंवा ओतून टाका. पण गुलाबी किंवा केशरी झाक दिसली, बुरशी दिसली, तर सगळं फेकायचं, वरचं काढून खालचं वापरू असं करायचं नाही. मी फ्रिजमधलं आठवडाभराच्या आत संपवते.

आणि पुण्यातला उन्हाळा लक्षात घ्या. डिसेंबरच्या थंडीत फुगोबा आठ-दहा तास घेतो, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीजवळ गेला की तीन तासांत फुगून खाली बसलेला असतो, त्यात मी गिरणीतून दळून आणलेली कणीक निम्मी वापरते, ती मैद्यापेक्षा लवकर आंबते. म्हणून उन्हाळ्यात डिस्कार्ड ओट्यावर ठेवत नाही, काढलं की सरळ फ्रिजमध्ये, आणि सोडा अर्धा चमचा भरून.

बाबा आधी हे खायला तयार नव्हते. त्यांना ब्रेड आवडत नाही, पाव म्हणजे आजारी माणसाने चहात बुडवून खायचा असं त्यांचं मत. मी आग्रह केला नाही, एक छोटा, केळं कुस्करलेला, वर अंजिराच्या दोन चकत्या असा त्यांच्या ताटलीत ठेवला आणि परत तव्याकडे वळले. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "ते बरणीतलं पीठ हेच का?" मी म्हटलं, "हो बाबा, तेच." त्यांनी ताटली पुढे केली.

आता रविवारी सकाळी मंडईत जाताना ते स्वतःच पिशवी घेतात आणि विचारतात, फुगोबाला काय आणायचं. काल चिकू आणलेत, अजून कडक आहेत, तांदळाच्या डब्यात ठेवलेत, गुरुवारपर्यंत होतील. बरणीत तोवर दीड वाटी साठेल.