साठ एकरांची परवानगी गेली, अकरा एकरांची लिहून मिळाली

हरणाच्या शिकारीसाठी ज्या साठ एकरांच्या परवानगीबद्दल मागच्या अपडेटमध्ये मी भरभरून लिहिलं होतं, ती गेली. खरं सांगायचं तर ती कधी मिळालीच नव्हती. ज्यांनी मला "ये की" म्हटलं, जमीन त्यांची नव्हती.

२३ ऑगस्टचा शनिवार. मका आणि ओढा यांच्यामधल्या त्या फनेलवर (हरणं ये-जा करतात तो चिंचोळा पट्टा) सकाळी लवकर पोचलो होतो. झाडावर चढायला बुंध्याला बांधतात त्या पायऱ्यांपैकी, म्हणजे स्टिक्सपैकी, तिसरीचा पट्टा आवळतोय तोवर बांधापलीकडे एक पिकअप थांबली. शेजारचे मालक उतरून झाडाखाली आले आणि विचारलं, "तुम्हाला इथे कोणी सोडलं?" मी शेतकऱ्याचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "तो नुसता कसतो. मालकीणबाई वेगळ्या आहेत, आणि त्या कुणालाच सोडत नाहीत." आवाज चढवला नाही, पण मी सगळं सामान उतरवून गाडीत टाकेपर्यंत जागचे हललेही नाहीत. दोन वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

चूक कुठे झाली ते नीट लिहितो, कारण इथे पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत ती कुणाचीही होऊ शकते. मी पैसे भरून वापरतो त्या नकाशाच्या ॲपमध्ये त्या तुकड्यावर एका फॅमिली ट्रस्टचं नाव होतं, आणि आडनाव कसणाऱ्याचंच. मी धरून चाललो की घरचाच ट्रस्ट असणार. पण इथे स्टोल्टझफुस, किंग, फिशर, बाइलर ही आडनावं आपल्याकडच्या पाटील-देसायांसारखी गावोगाव आहेत. आडनाव जुळलं म्हणून घर एक होत नाही. आपल्याकडे सातबारा काढला की भोगवटादार कोण आणि कूळ कोण हे एकाच कागदावर दिसतं. इथल्या नकाशावर फक्त मालक दिसतो, जमीन खंडाने कोणाकडे आहे ते दिसत नाही. म्हणून आता माझा पहिला प्रश्न "शिकार करू का?" हा नसतो. "ही जमीन तुमची, की तुम्ही खंडाने कसता?" हे मी आधी विचारतो. कुणालाही या प्रश्नाचा राग आलेला नाही.

कसणाऱ्या शेतकऱ्याने मला फसवलं असं कुणी समजू नका. ते आमिश आहेत, म्हणजे जुन्या रीतीने साधं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. त्या शेतात त्यांचे मेहुणे वर्षानुवर्षं ग्राउंडहॉग (बिळं करणारा, घुशीसारखा प्राणी) मारत आले, त्यावर कोणी कधी हरकत घेतली नाही, तेव्हा मलाही सोडायला हरकत नाही असं त्यांना वाटलं. झालेला प्रकार सांगायला गेलो तर तेच ओशाळले.

मालकीणबाईंचा पत्ता काउंटीच्या मोफत पार्सल नकाशावरून (जमिनीच्या तुकड्यांचा नकाशा) मिळाला. कराचं बिल ज्या पत्त्यावर जातं तो तिथे असतो. माहितीही माझ्या ॲपपेक्षा ताजी निघाली. पुढच्या वर्षी ॲपचे पैसे भरणार नाही. हाताने पत्र लिहिलं: मी कोण, कुठे राहतो, नोकरी काय, चुकून तुमच्या जमिनीवर चढलो त्याबद्दल माफी, आणि शेवटी विनंती. सोबत हंटर एज्युकेशनच्या (शिकारीच्या प्रशिक्षणाच्या) सर्टिफिकेटची प्रत जोडली. दहा दिवस उत्तर नाही.

मग ६ सप्टेंबरला सकाळी दहाला स्वतः गेलो. साधा शर्ट, टोपी गाडीत, गाडी रस्त्यावरून दिसेल अशी उभी. बेल वाजवून दोन पावलं मागे उभा राहिलो. ऐंशीच्या घरातल्या बाई, मेनोनाइट (आमिशांच्या जवळचा ख्रिस्ती पंथ), डोक्याला पांढरी जाळीदार टोपी. मनात मी त्यांना तेव्हाच आजी म्हणायला लागलो. आजींनी पत्र वाचलं होतं. उत्तर "नाही" होतं.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांनी एकाला परवानगी दिली होती. त्याने अंधारात फाटक उघडं टाकलं. कालवडी रात्री रस्त्यावर आल्या आणि एक गाडीखाली गेली. यजमान त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. आजींच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींना चिकटून बसल्यात. अशा वेळी वाद घालायचा नसतो. मी एवढंच विचारलं, "ते फाटक आता नीट लागतं का?" त्या म्हणाल्या, "नाही. उचलून लावावं लागतं."

मी म्हटलं, परवानगी देऊ नका, पण फाटक तेवढं दुरुस्त करू द्या.

पुढच्या शनिवारी गेलो. बारा फुटी लोखंडी पाइपचं फाटक. वरच्या बिजागरीचा बोल्ट झिजून अर्धा झालेला, त्यामुळे फाटकाचं नाक खाली लोंबलेलं आणि कडी आकड्याच्या दोन बोटं खाली थांबायची. खांब मात्र घट्ट होता. कसणारे शेतकरी खेचरं बांधून मदतीला आले. त्यांनी फाटक खांद्यावर तोललं, मी नवा बोल्ट घातला, वरच्या बिजागरीचा आटा तीन फेरे मागे घेतला. फाटक सोडलं तेव्हा ते आपलं आपण फिरत गेलं आणि कडी आकड्यात टक्‌कन बसली. हातात हरीण आल्याइतका आनंद झाला.

काम झाल्यावर त्यांच्या तंबाखूच्या शेडमध्ये बसलो. आमचं गाव निपाणीजवळ, विडीच्या तंबाखूत वाढलेला मी. आमच्याकडे तंबाखू उन्हात जमिनीवर वाळते. इथे अख्खी झाडं कापून लाकडी पट्ट्यांवर ओवतात आणि शेडच्या आढ्यापर्यंत टांगतात. बाजूच्या फळ्या उघडमीट करून वारा सांभाळायचा. वास मात्र तोच, घराच्या सोप्यात भरून राहायचा तो. तासभर हवामान आणि पानांवरच्या डागांवर बोललो, हरणाचा विषय निघालाच नाही.

तेवढ्यात आजी गाडीने आल्या. फाटक तीन वेळा उघडून तीन वेळा लावलं आणि मला म्हणाल्या, "तुझी शिडी पडली, पाय मोडला, तर विम्यावाले माझ्या दारात येतील." मी १९६६ च्या रिक्रिएशनल यूज ॲक्टची छापील प्रत सोबत ठेवतो, ती दिली. फुकट परवानगी देणाऱ्या जमीनमालकावर जमीन धोकारहित ठेवण्याची जबाबदारी येत नाही, असं पेनसिल्व्हेनियाचा तो कायदा म्हणतो. कलम मी समजावत बसलो नाही, "तुमच्या वकिलाला दाखवा" इतकंच म्हटलं. माझं ठाम मत आहे की कुणीही पाकीट काढू नये. प्रवेशाचे पैसे घेतले की मालकाचं ते संरक्षण जातं, म्हणजे आपल्या उदारपणाने त्यांचंच नुकसान. श्रम द्या, मांस द्या (विकायचं नाही, ते बेकायदा आहे), पेकन पाय (सुक्यामेव्याचा गोड पदार्थ) द्या.

शेवटची अडचण रविवारची होती. २०२५ च्या जुलैत राज्याने रविवारच्या शिकारीवरची जुनी बंदी उठवली आणि हंगामातले बरेचसे रविवार खुले झाले, हे तुम्हाला माहीतच आहे. खासगी जमिनीवर रविवारी जायचं तर मालकाची लेखी परवानगी खिशात लागते. आपल्या ग्रुपमध्ये सगळे खूश आहेत, मीही होतो. पण आजींच्या रस्त्यावरून रविवारी सकाळी बग्ग्या प्रार्थनेला जातात. त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, "रविवारी मी येणार नाही." आजींनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

चार दिवसांनी फोन आला. ओढ्यामागची अकरा एकर झाडी. फक्त धनुष्य, फक्त मादी, रविवार नाही, झाडाला स्क्रू नाही, फाटकाला हात लावला की लगेच बंद. दोन प्रतींवर दोघांच्या सह्या, माझ्या गाडीचा नंबर, जानेवारीअखेरपर्यंत. ५बी या इथल्या शिकार-विभागाचं अँटलरलेस (बिनशिंगी, म्हणजे मादीचं) लायसन्स माझ्याकडे आहेच. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून लायसन्ससोबत ठेवलाय.

(मागे एकाने विचारलं होतं की एच-१बी व्हिसावर बंदूक बाळगता येते का. एच-१बीवर असाल तर बंदुकीसाठी वैध हंटिंग लायसन्स असणं ही फेडरल कायद्यातली सवलत आहे. धनुष्याला तो प्रश्नच येत नाही. मी सुरुवात धनुष्याने केली त्याचं एक कारण हेही.)

आता स्क्रूबंदीचं. झाडीत काळ्या अक्रोडाचे सरळ सोट बुंधे आहेत. त्यांच्या लाकडाला चांगला भाव येतो आणि आत एक स्क्रू राहिला तरी करवतीवाला तो ओंडका घेत नाही. तेव्हा हँग-ऑन स्टँड (झाडाला लटकवायचं छोटं मचाण) घरीच, आता सॅडल (दोरीने झाडाला टांगून बसायचा कमरपट्टा) आणि पट्ट्याच्या स्टिक्स. स्टिक्ससोबत आलेल्या लोखंडी बकलांचा आवाज फार होतो. ती काढून मी दोरी लावली. गावातल्या छोट्या धनुष्याच्या दुकानात त्यांनी स्वतः गाठ मारून दाखवली आणि फक्त दोरीचे पैसे घेतले. ऑनलाइन दहा डॉलर वाचले तरी हे कोण शिकवणार?

फनेल या अकरा एकरांत येत नाही, याचं दुःख आहेच. माझा बेत मक्याच्या कडेला, झाडीच्या आग्नेय कोपऱ्यावर बसायचा होता, वायव्येचा वारा धरून. पण काल शेतकऱ्याने सांगितलं की मुरघासासाठी मका याच आठवड्यात कापणार. कापला की तिकडचा आडोसा आणि चारा दोन्ही गेलं, हरणं त्या कडेने कशाला येतील? आज संध्याकाळी झाडीत चक्कर मारली. आतल्या उतारावर पांढऱ्या ओकची तीन मोठी झाडं आहेत आणि फळं पडायला लागलीत. टोप्या वेगळ्या, टरफलं चावलेली, शेजारी ताज्या लेंड्या. कोपरा रद्द. ४ ऑक्टोबरला त्या ओकपासून वीस यार्डांवर, ओढ्याकडून चढून.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली, आधीच यायला हवी होती. अकरा एकर म्हणजे एका बाजूला जेमतेम दोनशे मीटर. बाण बरोबर लागला तरी हरीण शंभर-दीडशे यार्ड पळतं. त्या ओकच्या उत्तरेला ऐंशी पावलांवर झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे आहेत. २०१९ च्या कायद्यानंतर तो पट्टा म्हणजे "प्रवेश बंद"ची पाटीच. माझं हरीण तिकडे जाऊन पडलं तर परवानगीशिवाय मला ते आणताही येणार नाही. आणि ती जमीन आहे पिकअपवाल्या शेजाऱ्यांची.

तेव्हा पहिल्या दिवशी कुठे बसायचं हे ठरवण्याआधी त्यांच्याकडे जायचं. शिकारीची परवानगी मागणार नाही. फक्त जखमी हरणाच्या मागावर येऊ द्याल का, येण्याआधी फोन करीन, धनुष्य अलीकडेच ठेवीन, एवढंच विचारायचं. आजींच्या सहीच्या कागदाची प्रत सोबत नेतोय. शनिवारी सकाळी दहाला. ते नाही म्हणाले तर ओक सोडून दक्षिणेकडे ओढ्याच्या वळणावर सरकेन. तिथे मारा तीस यार्डांचा आहे, म्हणून उद्यापासून अंगणात तीसवर रोज वीस बाण.