तुम्ही विचारलेत म्हणून: लंडनच्या ट्रेनी जागेचे काय झाले

गेली दोन वर्षे मला हा प्रश्न दोन तऱ्हांनी विचारला जातो. नात्यातली आणि शेजारची माणसे विचारतात, "काय झालं गं लंडनचं? ठरलं होतं ना सगळं?" विमा क्षेत्रात नव्याने आलेली मुले विचारतात, "मॅडम, अंडररायटिंगचं ट्रेनिंग देणारी आणि व्हिसाही काढून देणारी कंपनी कशी शोधायची?" अंडररायटिंग म्हणजे विम्यासाठी आलेली जोखीम घ्यायची की नाही आणि कशी, हे ठरवण्याचे काम. पहिल्यांना मी आजवर "तिकडचे नियम बदलले" एवढेच सांगत आले आणि दुसऱ्यांना दोन-तीन संकेतस्थळांची नावे पाठवून मोकळी होत आले. दोन्ही उत्तरांत मी बरेच काही गाळले होते. ते आता लिहिते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगावे लागणार नाही.

आधी त्या आक्षेपाबद्दल, जो ऐकून मला सर्वांत जास्त त्रास होतो. नऊ वर्षे कोल्हापुरात एका विमा कंपनीच्या अंडररायटिंग टेबलावर बसलेल्या बाईने ट्रेनीच्या जागेसाठी अर्ज का करावा? ज्यांनी हे टेबल पाहिले आहे, त्यांनी तरी असे विचारू नये. आपल्याकडे १ जानेवारी २००७ रोजी आग, इंजिनिअरिंग आणि वाहनांच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर टॅरिफमधून, म्हणजे सर्व कंपन्यांना बांधून दिलेल्या दरपत्रकातून, मुक्त झाले, असे आम्ही परीक्षेत लिहितो. पण मी २०१४ मध्ये नोकरीला लागले तेव्हाही व्यवसायाचा कोड टाकला की संगणक दर दाखवत असे, आणि त्यात बदल करायचा झाला तर प्रस्ताव वरच्या कार्यालयाकडे जात असे. माझ्या नावापुढे अंडररायटर लिहिलेले होते. जोखीम पाहून ती घ्यावी की नाही, घेतली तर कोणत्या अटींवर आणि किती दराने, हे ठरवायला मला कोणी शिकवले नव्हते. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची असोसिएटशिप मी पूर्ण केली, पण पुस्तकातली जोखीम आणि टेबलावर आलेला प्रपोजल फॉर्म यांची गाठ घालून देणारे माणूस मला भेटले नाही.

त्याची किंमत मला ऑगस्ट २०१९ च्या पुरात कळली. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. मलाही होते. तरीही आदल्या वर्षी शाहूपुरीतल्या, मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका कारखानदाराच्या आगीच्या पॉलिसीतून वादळ आणि पुराचे संरक्षण वगळण्याचा प्रस्ताव मी मंजूर केला होता. त्या काळी ते वगळले की हप्त्यात थोडी सूट मिळत असे. "ताई, पुराचं नको, पाणी इथवर कवा येतंय?" असे ते म्हणाले आणि मी सही केली. पाणी ओसरल्यावर सर्व्हेअरबरोबर मी तिथे गेले, तेव्हा भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर गाळाची तपकिरी रेघ होती, आणि उघडून ठेवलेल्या मोटारींच्या तांब्याच्या वेटोळ्यांत चिखल वाळून बसला होता. दावा देय नव्हता. फाइलमध्ये माझीच आद्याक्षरे होती. हे काम मुळापासून शिकायचे, त्यासाठी कितीही खाली उतरावे लागले तरी चालेल, हा निर्णय मी त्या आठवड्यात घेतला. लंडनच का, असेही विचारतात. ज्या बाजारात जोखमीच्या कागदाखाली आपले नाव लिहून जबाबदारी घेण्याच्या प्रथेवरून या व्यवसायाला अंडररायटिंग हे नाव पडले, तिथे ते शिकावे असे मला वाटले. यात परदेशाची हौस अजिबात नव्हती, असे मात्र मी म्हणणार नाही.

आता शोधाविषयी. ब्रिटनचे गृहखाते परवानाधारक प्रायोजकांची, म्हणजे परदेशी माणसाला नोकरीसाठी आणू शकणाऱ्या कंपन्यांची, यादी जाहीर करते आणि ती कोणालाही उतरवून घेता येते. त्यात कंपनीचे नाव, गाव, दर्जा आणि कोणत्या मार्गाने ती माणूस आणू शकते एवढेच असते. जागा रिकामी आहे का, किंवा ट्रेनीसाठी ती खर्च करील का, हे नसते. मी कित्येक महिने रात्री जेवणानंतर त्या हजारो नावांतून विमा कंपन्या वेगळ्या करत बसले. ट्रेनी अंडररायटर म्हणून ज्या जाहिराती दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशा तिथल्या अप्रेंटिसशिपच्या असतात, आणि त्यासाठी साधारणपणे तीन वर्षांचे तिथले वास्तव्य लागते. मोठ्या कंपन्यांच्या पदवीधर योजना मुख्यतः नुकतेच शिक्षण संपवलेल्यांसाठी असतात. भारतीय तरुणांसाठी प्रायोजकाशिवाय दोन वर्षांचा व्हिसा देणारी योजना फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. वर्षाला ३,००० जागा, सोडत काढून, वय १८ ते ३०. ती सुरू झाली तेव्हा मला एकतीस पूर्ण झाली होती. प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणून बारा लाख रुपये मागणारा एक एजंटही भेटला. त्याच्याकडे मी गेले नाही, आणि तुम्हीही जाऊ नका, कारण प्रायोजकत्व ही विकायची वस्तूच नाही.

सगळ्यात मोठी अडचण मला उशिरा कळली. ट्रेनीचा पगार नवख्याचा असतो आणि व्हिसाची अट अनुभवी माणसाच्या पगाराची असते. शिवाय मोठ्या कंपनीला अशा माणसामागे दरवर्षी १,००० पाउंडांचे कौशल्य शुल्क भरावे लागत असे, आणि ते कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. एवढा खर्च करायचा तर कंपनी म्हणते, शिकलेलेच माणूस घेऊ. मी शिकलेली होते म्हणून ट्रेनीसाठी जास्त आणि शिकवलेली नव्हते म्हणून अंडररायटरसाठी कमी ठरत होते. एकूण त्र्याहत्तर अर्जांपैकी बहुतेक अर्ज, प्रायोजकत्व लागेल का या चौकटीत "होय" लिहिल्याबरोबर परत आले. दोन अर्जांत माझी नऊ वर्षे मी चार करून लिहिली, हेही सांगायला हवे. ते चूक होते, आणि त्या दोन्हींतून काही निष्पन्न झाले नाही.

जे ठरले होते, ते असे. जानेवारी २०२४ मध्ये एका मध्यम आकाराच्या कंपनीने माझी पहिली मुलाखत घेतली आणि १ फेब्रुवारीला दुसरी. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. मी अर्धी रजा टाकून राजारामपुरीतल्या घरी बसले होते. त्यांनी नदीकाठच्या गावातल्या एका फर्निचर गोदामाचे प्रकरण दिले आणि वीस मिनिटांनी विचारले, ही जोखीम घ्याल का? मी दराकडे वळलेच नाही. मी विचारले, गोदामाचे जोते रस्त्यापासून किती उंच आहे, माल जमिनीवर ठेवतात की पॅलेटवर, विजेचे पॅनेल भिंतीवर कितव्या फुटाला आहे, आणि गेल्या वेळी पाणी आले तेव्हा माल हलवायला किती तास मिळाले होते. मुलाखत घेणाऱ्या बाई लिहायच्या थांबल्या आणि हे प्रश्न कुठे शिकलात, असे त्यांनी विचारले. मी त्यांना शाहूपुरीतली भिंत सांगितली, सहीसकट. सहीचे सांगावे की नाही, याचा विचार करायला वेळच नव्हता. मी म्हणाले, माल चार फुटांच्या रॅकवर चढवण्याची अट घालीन, पुराच्या दाव्यात पहिला मोठा वाटा विमाधारकाकडे ठेवीन आणि मगच दराचे बोलेन. २२ फेब्रुवारीला त्यांचा फोन आला. ट्रेनीची जागा, वर्षाला ३४,००० पाउंड, चार्टर्ड इन्शुरन्स इन्स्टिट्यूट या तिथल्या व्यावसायिक संस्थेच्या उरलेल्या परीक्षांचा खर्च त्यांचा, आणि प्रायोजकत्व. त्या संध्याकाळी आईने अंबाबाईच्या देवळात जाऊन ओटी भरली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत सगळ्यांना कळले. म्हणून तुम्हाला ठाऊक आहे.

व्हिसासाठीची किमान पगाराची अट वर्षाला २६,२०० पाउंडांवरून ३८,७०० वर जाणार, हे ४ डिसेंबर २०२३ रोजीच जाहीर झाले होते. नवा आकडा ४ एप्रिलपासून लागू होणार होता. त्याआधी प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र दिले गेले, तर जुन्या नियमाने निर्णय होणार होता. म्हणजे सहा आठवडे होते. कागद मागवले गेले, मी त्याच दिवशी पाठवले, मग पंधरा दिवस काही नाही, मग पुन्हा तेच कागद मागवले गेले. २५ मार्चला मनुष्यबळ विभागाचे पत्र आले की प्रमाणपत्र वेळेत होईलसे दिसत नाही आणि नव्या अटीत हा पगार बसत नाही. आम्ही विचार करत आहोत.

२७ मार्चला रात्री नियमांची मूळ प्रत वाचताना मला नवप्रवेशितांची सवलत सापडली, म्हणजे व्यवसायात नव्याने येणाऱ्यांना कमी पगारावरही व्हिसा देणारी तरतूद. सव्वीस वर्षांखालील उमेदवारांना ती मिळते हे मला माहीत होते; पण व्यावसायिक संस्थेच्या चार्टर्ड दर्जाकडे वाटचाल करणाऱ्यालाही ती मिळू शकते आणि त्यासाठी वयाची अट नाही, हे मी पहिल्यांदाच वाचत होते. नव्या नियमांत त्या सवलतीची किमान मर्यादा ३०,९६० पाउंड होती. माझा पगार तिच्या वर होता, आणि परीक्षांचा खर्च देण्याचे तर कंपनीनेच कबूल केले होते. माझे प्रकरण त्यात बसण्यासारखे होते. मी पत्र लिहिले, नियमाचा परिच्छेद उतरवला, आणि ते पाठवले नाही.

का पाठवले नाही, हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. त्यांचा विभाग वकिलांना विचारूनच लिहीत असणार, आपण कोल्हापुरातून त्यांना त्यांच्याच देशाचे नियम शिकवायचे का, असे मला वाटले. हे एक कारण. दुसरे कारण मला जास्त बोचते. नऊ वर्षे नोकरी करून त्या पत्रात स्वतःला नवप्रवेशित म्हणवून घ्यायला माझे बोट कळफलकावर अडले. ट्रेनीच्या जागेसाठी दोन वर्षे धडपडलेली बाई नवखी म्हणवून घ्यायला लाजली. मी चार दिवस तो मसुदा उघडत राहिले आणि मिटत राहिले. त्यातच ईस्टरच्या सुट्या आल्या. ५ एप्रिलला देऊ केलेली जागा मागे घेतल्याचे पत्र आले. त्यात सौजन्य होते आणि शुभेच्छाही होत्या.

माझ्या बाजूने मी एवढे म्हणेन की कायदा वाचून सवलत शोधणे हे परवानाधारक कंपनीचे काम होते, उमेदवाराचे नव्हे. आणि मी पत्र पाठवले असते तरी त्यांनी ती जोखीम घेतलीच असती, असे नाही. असे मी स्वतःला बऱ्याच वेळा सांगते. मग मला ती मुलाखत आठवते, जिथे जोत्याची उंची विचारायला मी कचरले नव्हते, आणि हा युक्तिवाद टिकत नाही. तेव्हाची मी म्हणते, मान राखून मिळाले असते तरच ते घ्यायचे होते. आताची मी तिला म्हणते, मानाचा प्रश्न तुझ्याशिवाय तिथे कोणालाच पडला नव्हता. दोघींचे अजून जुळलेले नाही.

जुलै २०२५ पासून पगाराच्या अटीचा तो ३८,७०० चा आकडा ४१,७०० पाउंड झाला आहे. लंडनच्या कंपन्यांचे अंडररायटिंगचे साहाय्यक काम पुणे-बंगळूरच्या कार्यालयांत चालते, तिथे जा, असे मला सुचवतात. तिथे निर्णय माझा नसेल, म्हणून मी अजून अर्ज केलेला नाही, आणि हा पुन्हा तोच अहंकार आहे का, हे मी ठरवू शकलेले नाही. शिरोलीच्या एका फाउंड्रीचे नूतनीकरण गेल्या महिन्यात आले, तेव्हा मी फॉर्म बाजूला ठेवून प्रत्यक्ष जाऊन आले आणि इंडक्शन फर्नेसच्या पॅनेलची उंची मोजून टिपणीत लिहिली. संगणकात त्यासाठी रकाना नाही.

येत्या शनिवारी कसबा बावड्याचा एक मुलगा त्याच्या अर्जांचा तक्ता घेऊन माझ्याकडे येणार आहे. मी त्याला आधी जन्मतारीख विचारणार आहे. एकतीस पूर्ण व्हायला वेळ असेल तर आधी सोडतीचा अर्ज भरायला सांगेन, मग प्रायोजकांची यादी उघडू, आणि कोणाला काही विचारायचे राहिले असेल तर ते पत्र तो माझ्या घरातून निघण्याआधी माझ्यासमोर पाठवायला लावीन.