तुम्ही विचारलंत आणि 'घाबरलास' म्हणालात म्हणून: आमच्या बँडच्या वसंतावरच्या अल्बममध्ये शब्द का नाहीत?

पुण्यात कुणी हा प्रश्न विचारला की त्याला म्हणायचं असतं, मराठीत का नाही? हुबळी-धारवाडकडे विचारतात तेव्हा, कन्नडमध्ये का नाही? आमच्या बेळगावात दोन्ही म्हणायचं असतं, आणि विचारणारा आधी आजूबाजूला कोण उभं आहे ते बघतो.

आजवर मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. संगीताला भाषा नसते. लोक मान डोलावतात, विषय संपतो. मला स्वतःला हे उत्तर पटत नाही. कॉलेजात असताना पटायचं, तेव्हा स्टेजवरून ते छाती फुगवून सांगायचो. आता तोंडातून निघालं की राग येतो. म्हणून एकदा नीट सांगतो.

अल्बम तुम्ही ऐकलाय, तेव्हा त्याची ओळख करून देत बसत नाही. पानगळ, मोहोर, पाडवा, वळीव असे चार लांब भाग. वसंतावर प्रोग्रेसिव्ह रॉकच, म्हणजे लांबलचक रचनांचं रॉक संगीतच का, हेही विचारतात. आमच्याकडचा वसंत एका दिवसात येत नाही. खानापूरच्या रानात काटेसावर फुलते, मग पळस, पांगारा. जांबोटीकडे काजूची बोंडं लाल व्हायला लागतात, करवंदं हिरवी असतात ती काळी होईपर्यंत वैशाख उजाडतो, आणि मध्येच एका दुपारी वळीव गारांसकट सगळं झोडपून जातो. चार मिनिटांच्या गाण्यात हे मावत नाही. सत्तरच्या दशकात या संगीतात तबकडीची अख्खी बाजू, वीसेक मिनिटं, एकाच रचनेला देत. मला तेवढीच ऐसपैस जागा हवी होती. शिवाय राग वसंतातला तीव्र मध्यम. षड्जापासूनचं, म्हणजे 'सा'पासूनचं ते अंतर रॉकवाल्यांचंही जुनं आवडतं, गिटारवर ते वाजलं की अंगावर येतं. ढोलाला रूपक तालाच्या सात मात्रा, तीन-दोन-दोन. इथपर्यंत कुणाचंच भांडण नव्हतं.

भांडण 'पाडवा'मध्ये झालं. आज त्यात मधोमध गिटार आणि ऑर्गन आहेत, तिथे आधी दोन बायकांचे आवाज होते.

एक माझ्या आत्याचा. ती खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी असते. जात्यावर तिने अर्धं आयुष्य काढलं, चैत्राच्या ओव्या तिला झोपेतही येतात. तिच्या स्वयंपाकघरात फ्रीज बंद करून रेकॉर्ड केलं. दुसरा आवाज आमच्या ड्रमरच्या आईचा. त्यांच्या घरात कन्नड बोलतात. काकूंनी बीसुकल्लिन पद गायलं, म्हणजे तेही जात्यावरचंच गाणं, तीन-तीन ओळींचं. आत्या जात्याला देव म्हणते, काकूही म्हणतात. आमचा पाडवा आणि त्यांची उगादी एकाच दिवशी, कडुनिंब आणि गूळ दोन्ही घरांत. मला वाटलं होतं, माझ्या गावाबद्दल मला जे काही सांगायचंय ते या दोन आवाजांत येतंय.

मिक्स तयार झालं तेव्हा बेळगावातल्या वडगावात ड्रमरच्या घरी ऐकायला बसलो. आत्याचा आवाज आधी, मग काकूंचा. कारण साधं होतं. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर आत्याचा षड्ज काळी चारला, काकूंचा त्याला लागून वरच्या पांढरी सहाला. अर्धा स्वर वर गेलं की रचना उजळते. संपल्यावर तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई दुसरी का?"

मी स्वरांचं कारण सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "ते समजलं रे मला. पण दरवेळी काहीतरी कारण असतंयच की."

मी क्रम उलटा करून ऐकवला. वरून खाली येताना रचना बसते, ढासळते. हे त्यालाही ऐकू आलं, त्याचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. दोन्ही आवाज एकत्र लावले. अर्ध्या स्वराने एकमेकांना ओरबाडायला लागले. शेवटी मला जी युक्ती सुचली तिचा तेव्हा मला अभिमान वाटला होता. आत्याला डाव्या स्पीकरात टाकलं, काकूंना उजव्या. ओळीआड ओळ, कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही.

तो हेडफोन लावून ऐकत होता. हेडफोन काढले, टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "सीमा आखलीस बघ."

मी चिडलो. म्हणालो, तुझ्या मनात आहे ती, माझ्या मिक्समध्ये नाही. तो म्हणाला, "एक नोव्हेंबरला तू घरात काय करतोयस ते मला माहीत आहे, मी काय करतोय ते तुला." खरं होतं ते. आमच्या घरी त्या दिवशी काळा दिन, 1956 ला बेळगाव महाराष्ट्राच्या बाजूला न येता आताच्या कर्नाटकात गेलं तेव्हापासून. त्यांच्या दारावर कर्नाटक राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा. इतकी वर्षं एकत्र वाजवताना आम्ही त्या तारखेबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, आणि तीच आमची मैत्री आहे असं मी धरून चाललो होतो.

काकू दारात उभ्या होत्या. त्या माझ्याशी मराठीतच बोलतात. म्हणाल्या, "माझं काढून टाका की. तेवढ्यासाठी भांडायलायसा व्हय?"

त्यानंतर त्यांचा आवाज ठेवून मी काय करणार होतो? आणि त्यांचा काढून आत्याचा ठेवणार होतो? दोन्ही काढले. ड्रम तेवढे राहिले, ते सगळे त्याचेच आहेत. अल्बमवर नाव असू दे म्हणाला, पण तो परत आमच्यासोबत वाजवायला आला नाही.

तेव्हा तुम्ही म्हणता, घाबरलास. थोडा घाबरलो असेनही. एका आयोजकाने हॉल द्यायच्या आधी अल्बम कुठल्या भाषेतला आहे ते विचारलं होतं, आणि भाषा नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. माझाही झाला असणार. पण त्या दुपारी वडगावात भीती नव्हती. तिथे फक्त क्रम लावायचा होता आणि तो मला लावता आला नाही.

कुणी कुमार गंधर्वांचा दाखला देतं. बेळगावजवळच्या सुळेभावीचे, 8 एप्रिल 1924 चा जन्म, घर कन्नड, आणि त्यांचा 'गीतवसंत' हा कार्यक्रम ऐकायला मराठी माणूस जीव टाकायचा. त्यांना कुठे अडचण आली? हा दाखला मला दुखतो, कारण माझ्यापुरतं मोठं माणूस दुसरं नाही. पण ते मध्य प्रदेशात देवासला राहिले आणि बंदिशी माळवी, ब्रजमधल्या गायले. वडगावातल्या एका खोलीत दोन बायका समोर बसवून कुणाचा आवाज आधी, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दुसरे कॅमल या इंग्लिश रॉक बँडचा 'स्नो गूस' हा अल्बम काढतात. 1975 चा, शब्दांशिवायचा, मूळ कथेच्या लेखकाने हरकत घेतल्यावर नावाआधी 'पासून स्फुरलेलं संगीत' असं लावावं लागलेला. बघ, शब्द नसूनही अजरामर झाला, असं समजावतात. मान्य. पण त्यांना जी गोष्ट सांगायची होती ती पुस्तकात छापलेली होती, ज्याला हवी त्याने वाचावी. आत्या आणि काकूंचं कुठे छापलेलं आहे?

म्हणजे शब्द हवे होते, हे मीच म्हणतोय. आणि तरीही आजचा 'पाडवा' ऐकताना मला तो अपुरा वाटत नाही. ऑर्गन जिथे अर्धा स्वर वर चढतो तिथे मला दोघीही ऐकू येतात. तुम्हाला येत नाहीत, हे मला ठाऊक आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. कधी वाटतं, कुणालातरी आधी ठेवून भांडण ओढवून घ्यायला हवं होतं, निदान ते आवाज लोकांपर्यंत गेले असते. दुसऱ्या दिवशी वाटतं, काकूंनी दारात उभं राहून आपला आवाज काढायला सांगितला, तो कुठल्या तोंडाने वाजवायचा?

'पाडवा'च्या सुरुवातीला कोकिळा आहे. ती सिंथेसायझरवरची नाही. आत्या सुरू करण्याआधीचा तो आवाज आहे, नीट ऐकलंत तर बांगड्याही वाजतात. त्यानंतरचं सगळं कापलंय.

दोघींचे ट्रॅक माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत. गेल्या पाडव्याला ड्रमरच्या घरी गेलो होतो. आम्ही एकमेकांकडे अजून जातो. निघताना विचारलं, परत एकदा करून बघूया का, क्रम तू लाव. तो म्हणाला, "आईला विचार." काकू आत होत्या. मी विचारलं नाही, अजून विचारलेलं नाही.